पिल्लाला चघळायला काय द्यावं?

मे महिन्यातली दुपार होती. आमरस काढून झाला होता, कोया पातेल्यात होत्या आणि पातेलं खाली मोरीच्या कडेला ठेवलेलं. आमचा बंड्या तेव्हा सव्वा वर्षाचा. रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, वाढून सतरा-अठरा किलोचं झालेलं. त्यानं एक कोय उचलली आणि पलंगाखाली नेली. कोय चोखत बसलेली कुत्री आजोळच्या अंगणात लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे आधी कुणालाच काही वाटलं नाही. मग चादरीला रसाचे डाग पडतील म्हणून मी वाकून पलंगाखाली हात घातला आणि ‘सोड, सोड’ म्हणून ओरडले. बंड्यानं माझ्याकडे पाहिलं, मान वर केली आणि कोय गिळून टाकली.

रात्री उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पोटात पाणीसुद्धा ठरेना. एक्स-रेत नीट काही दिसत नव्हतं, सोनोग्राफीत कोय सापडली. लहान आतड्यात अडकून बसली होती. पोट उघडून काढावी लागली. तो वाचला. डॉक्टरांनी ती कोय धुऊन मला दाखवली तेव्हा एका बाजूनं ती गुळगुळीत झालेली होती आणि दुसऱ्या बाजूला दातांच्या बारीक खुणा होत्या. म्हणजे तो ती गिळायला बसलाच नव्हता, निवांत चघळत होता. गिळायला मी लावली.

तेव्हापासून चघळण्याच्या वस्तूंकडे मी फार बारकाईनं बघते. ओळखीत कुणी पिल्लू आणलं की ‘याला चावायला काय देऊ?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. बहुधा चप्पल गेलेली असते, नाहीतर चार्जरची वायर. प्रश्न विचारणाऱ्याला एका वस्तूचं नाव हवं असतं. मी आधी उलट विचारते, की तुमचं कुत्रं चोखतं, चघळतं, फोडतं की गिळतं? आपल्या भाषेत या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि कुत्र्यांतही त्या वेगवेगळ्याच असतात. एकाच वेताची दोन पिल्लं असली तरी एक रबरी खेळणं तासभर चोखत पडून राहतं आणि दुसरं त्याचे पाच मिनिटांत तुकडे करून दोन पोटातही घालतं. पहिल्याला चालणारी वस्तू दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. म्हणून वस्तू निवडायच्या आधी दहा मिनिटं खाली बसून आपलं कुत्रं बघा. पुढचे पंजे टेकवून, डोळे अर्धे मिटून, मागच्या दाढांनी सावकाश चावतंय की वस्तू उभी धरून कडा तोडतंय? तुम्ही जवळ गेलात की चावण्याचा वेग वाढतो का? वाढत असेल तर ते गिळणाऱ्यांतलं आहे असं समजून चाला.

पिल्लू चावतं ते खोडी म्हणून नाही. त्याला 28 दुधाचे दात असतात, ते तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात आणि साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात. आधी पुढचे पटाशीचे, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, खाजतात, दुखतात, आणि दाबून चावलं की बरं वाटतं. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला, पडलेला इवलासा दात सापडला, किंवा दात त्यानं गिळला असं वाटलं तरी घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत दुधाचा सुळा कधीकधी पडतच नाही आणि पक्का सुळा त्याच्या शेजारून वर येतो. दोघांच्या फटीत अन्न अडकतं, हिरडी सडते. सहा महिन्यांनंतर एका जागी दोन सुळे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

पक्के दात आले म्हणजे चावणं संपलं, असंही नाही. सात-आठ महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत दुसरी लाट येते आणि ती जास्त नासधूस करते, कारण आता जबड्यात ताकद असते. त्यानंतरही निरोगी कुत्रं आयुष्यभर चघळत राहतं. चघळण्यानं त्याला शांत वाटतं. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटं राहणाऱ्या कुत्र्यासाठी तर तेच त्याचं काम असतं आणि करमणूकही.

कायद्याशी संबंधित एक गोष्ट इथंच सांगते, कारण तिचा चावण्याशी थेट संबंध आहे. 2017 च्या श्वानपैदास आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. आईजवळ आणि भावंडांत असताना पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं. जास्त जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. हे शिक्षण अर्धवट राहिलेलं पिल्लू तुमच्या बोटांत दात रुतवतं आणि तुम्ही म्हणता, ‘फार चावरं आहे.’ अशा पिल्लाला चघळण्याच्या वस्तू जास्त लागतात. बोट तोंडात आलं की खेळ थांबवायचा आणि खेळणं पुढे करायचं. मारायचं-फटकवायचं काही नाही.

आता वस्तू. कुठलीही गोष्ट कुत्र्याच्या तोंडी देण्याआधी मी तिची हातानं परीक्षा घेते. अंगठ्याचं नख तिच्यात दाबून पाहते. थोडं तरी रुतलं पाहिजे. मग ती आपल्या गुडघ्याच्या वाटीवर मारून बघायची. मारायला भीती वाटत असेल तर ती कुत्र्याच्या दातांसाठीही फार टणक आहे. हे मोजमाप गावठी वाटेल, पण त्यामागे कारण आहे. कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा बाजूला सरकत नाही, फक्त वर-खाली होतो. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींवर घसरतात. टणक वस्तू कुत्रं नेमकी याच कात्रीत धरतं. वस्तू दबली नाही की वरच्या दाढेची बाहेरची कपची उडते आणि आतली नस उघडी पडते. कुत्र्याच्या दातांवरचं कवच आपल्यापेक्षा पातळ असतं, आणि कुत्रं दातदुखी सांगत नाही, जेवतही राहतं. काही आठवड्यांनी डोळ्याखाली गालावर सूज येते, तेव्हा घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं असेल. बहुतेक वेळा ते फुटलेल्या दाढेच्या मुळाशी झालेलं गळू असतं.

या परीक्षेत नापास होणाऱ्या वस्तू दुकानात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळतात. हरणाची शिंगं, गुरांचे खूर, म्हशीच्या शिंगाचे तुकडे, कडक नायलॉनची हाडं. खाटकाकडची नळीची जाडजूड हाडंही त्यातलीच. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा मोठा खडासुद्धा. मी यातलं काहीही देत नाही, आणि ज्या कुत्र्याला दोन मिनिटांत सगळं फोडायची सवय आहे त्याला तर तुम्हीही देऊ नका.

गेली काही वर्षं छुर्पीच्या कांड्या आपल्याकडे सगळीकडे मिळायला लागल्या आहेत. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे याक किंवा चौरीच्या दुधाचं हे चीज धुरावर वाळवून माणसं तासन्‌तास गालात धरून चघळतात. कुत्र्यांसाठी तेच मोठ्या कांड्या करून विकतात. त्यात भर घातलेली नसते, वास येत नाही, कपड्याला डाग पडत नाहीत, म्हणून घराघरांत ती लाडकी झाली आहे. चोखणाऱ्या-चघळणाऱ्या कुत्र्याला मलाही ती आवडते. पण ती टणक आहे हे विसरू नका. नख तिच्यात रुतत नाही. लाळेनं ती हळूहळू मऊ पडते, पण फोडणाऱ्या कुत्र्याला तेवढा धीर नसतो. एक चांगली सोय मात्र आहे. कांडी झिजून अंगठ्याएवढी राहिली की काढून घ्या, थोडा वेळ पाण्यात भिजवा आणि मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-एक मिनिट ठेवा. ती फुगून कुरकुरीत होते. पूर्ण गार झाली की तुकडे करून खाऊ म्हणून द्या. आतून बराच वेळ गरम राहते, तेव्हा घाई करू नका.

हा शेवटचा तुकडा म्हणजे सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा भाग. पूर्ण कांडी घशात जात नाही, पूर्ण हाड जात नाही. घशात जातो तो उरलेला बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, आणि तोवर आपण निर्धास्त होऊन टीव्ही बघत असतो. म्हणून वस्तू नवी असताना पहारा सैल असला तरी चालेल, संपत आली की जवळ बसा.

पांढऱ्या गाठी मारलेल्या चामड्याच्या हाडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती घेऊ नका. ती गुरांच्या कातडीच्या आतल्या थरापासून करतात. केस आणि चरबी काढायला चुना आणि इतर रसायनं, पांढरं करायला ब्लीच, मग वळून वाळवणं. पचनाचा प्रश्न तर आहेच, पण मोठा धोका निराळाच. लाळ लागली की चामडं फुगतं, बुळबुळीत होतं, गाठ सुटते आणि भिजलेली लांब पट्टी घशात सरकते. अर्धी पोटात, अर्धी तोंडात. गिळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही पट्टी जीवघेणी आहे. वाळवलेले प्राण्यांचे कान आणि इतर अवयवही मिळतात. 2019 साली अमेरिकेत कुत्र्यांसाठी विकलेल्या डुकराच्या कानांतून माणसांत साल्मोनेलाचा मोठा फैलाव झाला होता. आजारी पडली ती ते कान हाताळणारी माणसं. असलं काही देणारच असाल तर हात साबणानं धुवा आणि रांगणाऱ्या बाळाच्या जागी ते पडू देऊ नका.

‘कॅल्शियम बोन’ हा आणखी एक आवडता माल. दुकानदार पिल्लाबरोबर पिशवीत घालूनच देतात, आणि आपणही ‘दात मजबूत होतील’ म्हणून घेतो. ही हाडं मऊ असतात, दाताला त्रास देत नाहीत. पण लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर अशा मोठ्या होणाऱ्या पिल्लांना जादा कॅल्शियम अपायच करतं. लहान पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाही, ते शोषून घेतं, आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. पिल्लांचा तयार आहार चालू असेल तर त्यात कॅल्शियम पुरेसं असतंच. त्यावर हाडं, वर पुन्हा कॅल्शियमचं सिरप, असं तिहेरी चालू असलेली घरं मी पाहिली आहेत. प्रेमानंच चाललेलं असतं, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे करू नका.

मग द्यायचं काय? माझ्या मते प्रत्येक घरात एक तरी पोकळ, टिकाऊ रबरी खेळणं असावं. याची कथा मला फार आवडते. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ज्यो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम जुन्या फोक्सवॅगन बसची दुरुस्ती करत असताना सस्पेन्शनमधला रबरी भाग कुत्र्यानं दगड सोडून उचलला, आणि त्यातून पुढे ‘काँग’ हे खेळणं तयार झालं. आज त्या धर्तीची इतर खेळणीही मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे रबराचा कडकपणा वयाप्रमाणे हवा. पिल्लांसाठी मऊ, मोठ्यांसाठी मध्यम, फोडणाऱ्यांसाठी सर्वांत चिवट. दुसरं, आकार. खेळणं किंवा चेंडू कुत्र्याच्या सुळ्यांच्या मागे पूर्ण जाता कामा नये. शंका आली तर एक माप मोठं घ्या. शिवाय पोकळ खेळण्याला दोन्ही बाजूंना भोकं असलेली बरी, म्हणजे जीभ किंवा जबडा आत ओढला जाऊन अडकत नाही.

त्या खेळण्यात भरायला महागडी पेस्ट लागत नाही. मऊ शिजवलेला भात आणि बिनसाखरेचं दही कालवून भरा, शिजवलेला लाल भोपळा भरा, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, मीठ न घातलेलं चिकन, पोळीचे भिजवलेले तुकडे. भरून फ्रीजरमध्ये ठेवा. दात येणाऱ्या पिल्लाच्या सुजलेल्या हिरड्यांना गारव्यानं आराम पडतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी मोठं कुत्रंही त्याच्याशी अर्धा-पाऊण तास गुंतून राहतं. घरच्या भाजलेल्या दाण्यांचं कूट थोडं घातलं तर चालेल. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी पीनट बटरच्या बरणीवरची घटकांची यादी वाचूनच घ्यावी. झायलिटॉल ही गोडी त्यात असेल तर ती कुत्र्याला विष आहे, साखर एकदम खाली येते आणि यकृत निकामी होऊ शकतं. बिनसाखरेच्या च्युइंग गममध्येही ती असते. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट या खेळण्यात कधीही नकोत. शिऱ्यातल्या मनुकासुद्धा नकोत.

थंडीतलं गाजर हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त आणि साधा पर्याय. अंगठ्यापेक्षा जाड अख्खं गाजर धुऊन, फ्रीजमध्ये गार करून पिल्लाला द्या. फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठवू नका. चघळणारं पिल्लू त्याचा कीस करतं आणि थोडाफार खातं. गिळणाऱ्याला मात्र उभं गाजर देऊ नका, वाफवून किंवा किसून द्या. रताळ्याच्या बोटभर जाड चकत्या मंद आचेवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवल्या की चामट, चिवट होतात. उन्हाळ्यात कडक उन्हात झाकून दोन दिवस ठेवल्या तरी होतात, फक्त बुरशी आली नाही ना ते बघा. मला या चकत्या दुकानातल्या कुठल्याही पाकिटापेक्षा आवडतात, आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं. दात येण्याच्या दिवसांत जुना टॉवेल ओला करून, पीळ देऊन, गार करून तुम्ही हातात धरायचा आणि पिल्लानं चावायचा, हाही जुना उपाय. टॉवेल त्याच्याजवळ सोडून जायचं नाही.

दोरीच्या खेळण्यांबद्दलही हेच. तुम्ही एक टोक धरून खेळत असाल तर छान. पण दोरी एकट्या कुत्र्याजवळ ठेवली तर ते एकेक धागा उपसून गिळतं. दोरा, सुतळी, मोज्याची वीण, पतंगाचा मांजा, हे आतड्यात गेलं की एक टोक अडकतं आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. धागा ताणला की आतडं कापलं जातं. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. पोटात शिट्टी असलेली मऊ खेळणी, बटणाचे डोळे, आत कापूस भरलेली बाहुली, हे सगळं चोखणाऱ्या कुत्र्यापुरतंच. टेनिसचा चेंडू फेकून आणायला ठीक, चघळायला नको. त्यावरची लव धूळ धरते आणि दात घासत नेते, आणि मोठ्या जबड्यात तो दबून घशात बसतो.

आपल्या घरात आणि अंगणात जे पडलेलं असतं, त्याची यादी दुकानापेक्षा लांब आहे. आंब्याची कोय पहिली. कोकणातल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, ‘आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या बाठे चोखतायत.’ खरं आहे, बरीच कुत्री चोखतात आणि सोडून देतात. पण तुमचं कुत्रं कुठलं, हे कोय गिळल्यावर कळून उपयोग नाही. पावसाळ्यात मक्याचं कणीस. दाणे खाऊन उरलेला दांडा पचत नाही, पोटात विरघळत नाही, आणि त्याची जाडी आतड्यात बरोबर बूच बसेल अशीच असते. लोणावळ्याला किंवा माळशेजला गाडीतून कुत्रं नेत असाल तर दांडे पिशवीत बांधून ठेवा, रस्त्यावर फेकू नका. तिथल्या भटक्या कुत्र्यांनाही तोच धोका आहे. नारळाची शेंडी आणि काथ्या कुत्र्यांना फार आवडतो, पण तो गोळा होऊन अडकतो. करवंटी टणक, फुटली की धारदार. फणसाच्या आठळ्या, खजुराच्या बिया, प्लास्टिकच्या बाटलीची झाकणं, स्लिपरचे स्पंजासारखे तुकडे, हे एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत.

चप्पल गेली की लोक तीच फाटकी चप्पल कुत्र्याला देऊन टाकतात. हे करू नका. जुनी चप्पल कोणती आणि नवी कोल्हापुरी कोणती, हे त्याला कळत नाही. दोन्हींना तुमच्या पायाचा वास असतो. फाटका मोजा दिला की चांगलाही गेलाच म्हणून समजा.

झाडांच्या काटक्याही तोंडात येतात. काटकी आडवी धरली तर टाळूत, वरच्या दाढांच्या मध्ये अडकून बसते. कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतं, लाळ गाळतं, आणि घरच्यांना वाटतं वेड लागलं. सोसायटीच्या बागेत कण्हेर आणि सायकस बहुतेक ठिकाणी असतात. कण्हेरीची काटकी, पान, फूल सगळं विषारी, हृदयावर परिणाम करणारं. सायकसच्या बिया यकृताला घातक. पिल्लू नवीन असेल तर पहिल्याच दिवशी घरातल्या कुंड्या बघून घ्या. डिफेनबेकिया असेल तर ती उंचावर ठेवा, तिच्या रसानं तोंडाची आग होते.

आणि हाडं. याबद्दल वाद घालणारे खूप भेटतात. शिजलेलं हाड देऊ नये, यात वादाला जागा नाही. शिजल्यानं हाड ठिसूळ होतं आणि सुयांसारखे तुकडे होतात. कोंबडीची मांडी असो, मटणाची बरगडी असो. रश्शाच्या हाडाला कांदा-लसूण आणि मीठही लागलेलं असतं. मटणाच्या नळीची गोल कडी खालच्या सुळ्यांवरून सरकून जबड्यात बांगडीसारखी अडकते, मग भूल देऊन करवतीनं कापावी लागते. खूप हाड खाल्लं की विष्ठा खडूसारखी घट्ट होते आणि कुत्रं कुंथत राहतं. गटारीच्या रात्री आणि लग्नाच्या मांडवामागे भटक्या कुत्र्यांसमोर हाडांचा ढीग टाकणं हे आपल्याला पुण्याचं वाटतं. त्यांच्यासाठी रस्सा नसलेला भात बाजूला काढून ठेवला, तर ते जास्त बरं.

वस्तू काढून कशी घ्यायची, हे मी माझ्या चुकीतून शिकले. अंगावर धावून गेलं, हात घातला, की कुत्र्याच्या लेखी ती वस्तू लाखमोलाची होते. मग ते एकतर गुरगुरतं नाहीतर गिळतं. उलटं करायचं. रोज, काहीही धोका नसताना, खेळण्याच्या बदल्यात चांगला खाऊ द्यायचा. चिकनचा तुकडा नाकासमोर, ‘सोड’ हा शब्द, तोंडातली वस्तू खाली पडली की चिकन तोंडात, आणि बहुतेक वेळा ती वस्तू परतही द्यायची. दोन-तीन आठवडे रोज चार-पाच वेळा केलं की पिल्लाला पटतं की सोडण्यात तोटा नाही. घरात दोन कुत्री असतील तर चघळायचं वेगवेगळ्या खोल्यांत. लहान मुलांना ठामपणे सांगायचं, की बंड्या काही चघळत असताना त्याच्याजवळ जायचं नाही.

दातांच्या सफाईसाठी म्हणून बरंच काही विकलं जातं. त्यावर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर असेल तर त्या वस्तूनं दातांवरची कीट कमी होते, हे तपासलेलं असतं. पण बोटावर कापड गुंडाळून किंवा मऊ ब्रशनं रोज दात घासण्याची बरोबरी कुठलीच कांडी करत नाही. पेस्ट कुत्र्यांचीच वापरा, आपली नाही. आणि चघळण्याच्या खाऊचा हिशेब जेवणात धरा. दिवसभराच्या खाण्याचा दहावा भाग, त्यापेक्षा जास्त नको. लॅब्रेडॉर तर मागून खातं, आणि आपण देत राहतो.

तरीही एखादी गोष्ट पोटात गेलीच, तर काही खूणगाठी मनाशी बांधून ठेवा. वारंवार उलटी, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर करून उभं राहणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं. यातलं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका. घशात अडकून श्वास कोंडला असेल तर तोंड उघडून बघा. वस्तू दिसली तरच बोटानं काढा, न दिसता चाचपलं तर ती आत जाते. लहान कुत्र्याला डोकं खाली करून उचला, मोठ्याच्या बरगड्यांच्या खाली पोटावर दोन्ही हातांनी पुढे-वर झटका द्या, आणि गाडी चालू करायला कुणाला तरी सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानं मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तूप-तेल ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. काय गिळलं त्याचा उरलेला तुकडा किंवा पाकीट बरोबर न्या. मुंबईत परळ, मग नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे मोठे दवाखाने आहेत. तुमच्या गावात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे पिल्लू घरी येण्याआधीच विचारून फोन नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

बंड्या आता अकरा वर्षांचा आहे. पुढचे दात झिजून बोथट झालेत, एक दाढ काढावी लागली. छुर्पी बंद, गाजरही वाफवूनच. संध्याकाळी रताळ्याची एक चकती पाण्यात जरा भिजवून देते, ती घेऊन तो व्हरांड्यात पायरीवर जातो आणि चोखत बसतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला की उठतो, आत येतो आणि तो माझ्या पायाशी ठेवून खिशाकडे बघत उभा राहतो.